यांच्या खिशातला फ्यूज

आमच्या यांना बायकोपेक्षा फ्यूज प्यारा, हे मी चार बायकांत बोलून दाखवलेलं आहे. दीपनगरच्या वीज केंद्रात तीस वर्षं काढली त्यांनी. आता निवृत्त होऊन पारोळ्याकडे आमच्या गावी आलो, तरी घरात साधा होल्डर बदलायचा झाला की हे मेन स्विच पाडणार, फ्यूज उपसणार आणि सदऱ्याच्या खिशात घालणार. काम संपेपर्यंत तो बाहेर निघायचा नाही. एकदा तसेच बाजाराला गेले आणि माझं घरघंटीवरचं दळण अर्धवट राहिलं.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमची दिपमाला तीन महिन्यांची लेक घेऊन माहेरी आली. मागच्या खोलीची खिडकी वाळवीनं खाल्लेली, तिचं दार उघडता उघडत नव्हतं. ऐन वैशाखात बाळ-बाळंतीण तिथे निजणार कशी? जावई प्रेमराज धुळ्याला खिडक्या-दारं बनवतात. त्यांनी मापाची नवी खिडकी केली आणि टेम्पोत घालून स्वतःच आले. आखाजीला लोकांचे जावई पाटावर बसतात, आमचा शिडीवर चढला!

आता त्या जुन्या चौकटीवरच कूलरचा बोर्ड ठोकलेला, आणि त्याची वायर गजाला घासून सोललेली.

"नाना, सकायपासून लाईट नही शे. दुपारशिवाय येवाव नही. चटकन काढी टाकस," प्रेमराज म्हणाले.

"ती गावनी लाईट गई. आपली मी बंद करसू," असं म्हणून यांनी ओसरीतला मेन पाडला, फ्यूज खिशात घातला. टेम्पोतली पत्र्याची शिडी परत पाठवली, लाकडी आणली. दिपमाला शिडी धरून उभी राहिली. मग मीच यांना मळ्यात आंबे आणायला पिटाळलं, रसाला कमी पडत होते.

मांडे करून मी घामानं निथळत होते. ओसरीत पाळण्यातली नात रडून लाल झालेली. बाहेर कडुनिंबाच्या झोक्यावर पोरींची गाणी रंगली होती, आणि तेवढ्यात शेजारचा पंखा फिरायला लागला. लाईट आली! नातीच्या रडण्यात बाकी सगळं विसरून मी उठले आणि मेन वर ढकलला.

काहीच झालं नाही. पंखा ढिम्म. बघते तर फ्यूजची जागा रिकामी. माझं डोकंच फिरलं. लेकरू तळमळतंय आणि हे फ्यूज घेऊन मळ्यात! तशीच तणतणत मागच्या खोलीत गेले, लेकीजवळ तिच्या बापाचा उद्धार करायला.

प्रेमराजांनी दोन्ही मुठींनी गज धरला होता. सोललेली वायर त्यांच्या मनगटावर लोळत होती. खाली शिडीला माझी लेक.

मी आत्ता काय केलं होतं?

"माय, काय व्हयनं?" दिपमालानं विचारलं. परत ओसरीत गेले, मेन खाली पाडला आणि नातीला छातीशी धरून तिथेच बसून राहिले. रडले, खोटं कशाला सांगू.

हे आंबे घेऊन आले तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, आता दीपनगरचं पुराण ऐकावं लागणार. पण ते नुसते खिशावर हात ठेवून उभे राहिले.

तासाभरात नवी खिडकी बसली. उघडल्याबरोबर वाऱ्याची झुळूक थेट पाळण्यापर्यंत आली आणि नात हात-पाय झाडत खिदळली. यांनी खिशातून फ्यूज काढला.

"थांबा," मी म्हणाले. "पहिले जवाईबापूले खाले उतरू द्या."

प्रेमराज उतरले. नव्या चौकटीवर बसवलेल्या बोर्डाची वायर यांनी दोनदा तपासली. तोवर मी देवघरातून करंडा आणला आणि फ्यूजच्या पांढऱ्या चिनी मातीच्या पाठीवर कुंकवाचं बोट टेकवलं.

"आज काय दसरा शे का?" हे हसले.

"मना दसरा आजच शे."

पंखा फिरला, रसाच्या वाट्या भरल्या आणि जावई एकदाचा पाटावर बसला. फ्यूजवरचं ते कुंकू अजून तसंच आहे. मी कुणाला पुसू देत नाही.