चार बोटं पाणी

मुखवट्याच्या नळीला जिथे कोपरासारखा बाक होता तिथे बारीक भोकं होती – सतरा. तो ती रोज सकाळी मोजायचा, रोज सतराच भरायची, आणि त्याचं त्याला रोज बरं वाटायचं. पहिल्या दिवशी ती गळती समजून त्याने चिकटपट्टी काढली होती – गळती दिसली की बंद करायची, हे छत्तीस वर्षांच्या नोकरीचं वळण – तेव्हा बायकोने हात धरला होता, अहो, सोडलेला श्वास बाहेर जायला वाट नको का, पुस्तकात चित्र काढून दाखवलंय त्यांनी... हो की. वाट हवीच. कोमट पाण्यात बुडवून त्याने मुखवट्याची मऊ कड बोटाने हळूच चोळली, खिडकीतून आलेलं ऊन हातावर घेतलं, आणि आपलं तसं छान चाललंय असं त्याच्या मनात आलं. पेन्शन वेळेवर येते, लेक-जावई सुखात आहेत, गुडघे अजून कुरकुरत नाहीत. गेले काही दिवस पुन्हा जांभया येत होत्या, काल पेपर वाचताना मान एकदम खाली गेली होती, पण ते हवेमुळे असेल.

पलंगाशेजारच्या स्टुलावर यंत्र होतं, बुटांच्या खोक्याएवढं. झोपेत घसा मिटून श्वास थांबतो, म्हणून हे रात्रभर नाकातून हवा ढकलत राहतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याने ते ऐकलं होतं आणि विचारलं होतं फक्त एवढंच, की प्रेशर किती. डॉक्टर हसले होते. पण प्रेशर किती, हाच तर प्रश्न असतो. मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात त्याने बॉयलर सांभाळला होता, चादरींचे डोंगर त्याच्या वाफेवर उकळले होते, आणि रोज पहिली नजर काट्यावर. सात किलोवर काटा, दहावर लाल रेघ. सातवर काटा थरथरला नाही तर तो दिवस चांगला. साहेब तपासणीला आले की काट्याकडे बघून नुसती मान हलवायचे, आणि त्या मान हलवण्यावर तो आठवडाभर खूश असायचा. प्रेशर म्हणजे बांधून ठेवलेला बैल. त्याच्याशी मैत्री करायची नसते, दावं आखूड ठेवायचं असतं.

म्हणून पहिला दीड महिना पडद्यावर रोज सकाळी दिसणारे आकडे – अकरा पूर्णांक दोन, बारा, एकदा तर साडेबारा – बघून तो नकळत यंत्रापासून एक पाऊल मागे सरायचा. बारा! लाल रेघेच्याही वर, आणि ते माझ्या नाकात, माझ्या छातीत... शिवाय आकडा चढला की मुखवट्याच्या कडेतून शिट्टीसारखा आवाज यायचा, आणि बायको कूस बदलायची. हे दुसरं कारण त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. घोरण्यापायी नऊ वर्षं ती बाहेरच्या खोलीत झोपत होती, आणि यंत्र आल्यावर सहाव्या रात्री उशी घेऊन आत आली होती. साठी उलटलेल्या माणसाने या गोष्टीचा एवढा आनंद मानावा हे त्याचं त्यालाच हसू येण्यासारखं होतं, पण मानला होता. तो आनंद शिट्टीपायी घालवायचा नव्हता. जावयाने फोनवर कुठूनसं शोधून दिलं, गोल बटण आणि घराचं चित्र असलेलं बटण एकदम दाबून धरा. तसं केल्यावर आतली पानं उघडली; वरच्या मर्यादेच्या जागी चौदा होते, तिथे त्याने सात आणून ठेवले. त्या दिवसापासून सकाळी आकडा सात. रोज सात. काटा जागेवर.

आणि तिसऱ्या दिवशी उशी बाहेर गेली.

“तिकडे वारा बरा लागतो,” एवढंच ती म्हणाली होती. त्यानेही “बरं” म्हटलं होतं. छत्तीस वर्षांत कुणाच्या वाऱ्याला आडवा गेलो नाही, आता काय जायचं. पण मनाला लागलं होतं. यंत्राची घरघर तिला नको असणार. की यंत्राचं निमित्त आणि नऊ वर्षांत तिला एकटीची सवय लागलेली... हा दुसरा विचार आला की तो उठून काहीतरी पुसायला घ्यायचा. बारा दिवसांत घरातला पंखा, कपाट, खिडक्यांचे गज सगळं लखलखीत झालं होतं.

आज दोन महिन्यांची तपासणी होती. यंत्रातलं कार्ड घेऊन दवाखान्यात जायचं होतं, आणि त्याने मनाशी पक्कं केलं होतं, तिथल्या मॅडमना म्हणायचं, सातचे पाच करून द्या. पाचावर तरी आवाज येणार नाही. मग बघू वारा कुठे बरा लागतो.

“मी येऊ का?” बायकोने दारात विचारलं.

“कशाला? नुसतं कार्ड दाखवायचं.”

“काय म्हणतात ते नीट ऐकून या,” ती म्हणाली. दाराची कडी तिने उगाच दोनदा हलवून पाहिली, आणि तो जिना उतरेपर्यंत तिथेच उभी होती.

यंत्राच्या मॅडम चाळिशीच्या, चष्मा डोक्यावर ठेवून शोधणाऱ्या. त्यांनी कार्ड संगणकात घातलं आणि पडदा त्याच्याकडे वळवला. डावीकडे प्रेशरची रेघ डोंगरासारखी वरखाली, आणि एका जागेपासून पुढे सपाट, पट्टीने ओढल्यासारखी. त्याला ती सपाट रेघ पाहून आतल्या आत अभिमान वाटला. साहेबांनी मान हलवली असती.

“काका, हे कुणी केलं?”

“मी.” आवाजात थोडी ऐट आलीच. “सातवर स्थिर ठेवलंय. बॉयलर चालवलेत मी मॅडम, बारा-बारा म्हणजे डोक्यावरून पाणी.”

मॅडमनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आणला. “बारा काय? किलो?”

“मग?”

“किलो नाहीत हो काका. सेंटिमीटर. पाण्याचे सेंटिमीटर.” त्यांनी टेबलावरचा पाण्याचा पेला पुढे ओढला आणि बाहेरून चार बोटं आडवी लावून दाखवली. “एवढं पाणी वर उचलायला जेवढा जोर लागेल, तेवढा म्हणजे तुमचे सात. बारा म्हणजे हा पेला भरून.”

तो पेल्याकडे बघत राहिला. एक किलो प्रेशर म्हणजे दहा मीटर पाणी, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. सात किलो म्हणजे सत्तर मीटर, सात हजार सेंटिमीटर... आणि ज्याला तो दोन महिने भीत होता, ज्याला दावं लावून बसला होता, ते चार बोटं पाणी. वीतभरसुद्धा नाही. त्याला हसू फुटलं. मॅडमही हसल्या, पण त्यांचं लवकर थांबलं.

“हसण्यावारी नेऊ नका. ही खालची रेघ बघा. श्वास किती वेळा थांबला त्याची. आधी तासाला तीन होते. तुम्ही मर्यादा घातलीत तिथपासून बावीस.”

“बावीस?”

“घसा मिटला की तो उघडा ठेवायला यंत्राला जोर वाढवावा लागतो. ते वर जायला बघतंय आणि तुम्ही वर छत घातलंय. मग घोरणं, थांबणं, दचकून श्वास घेणं, सगळं पूर्वीसारखंच. घरी कुणी काही बोललं नाही?”

पुढचं त्याला तुकड्यातुकड्यांनीच ऐकू आलं – खालची मर्यादा आठ, वरची पुन्हा चौदा, झोपायला सोपं जावं म्हणून सुरुवात चारपासून आणि मग हळूहळू चढेल, आणि काका, पुन्हा स्वतःच्या मनाने काही करायचं नाही. तो हो हो म्हणत होता. घरी कुणी काही बोललं नाही. कुणी वाऱ्याचं नाव सांगितलं आणि उशी उचलली.

रस्त्याने चालताना लाजेने कान तापले होते आणि तरी पाय हलके पडत होते, हे दोन्ही एकाच वेळी कसं असू शकतं ते त्याला कळेना. तिला एकटीची सवय लागली नव्हती. माझा श्वास थांबत होता. ही काय आनंदाची बातमी झाली? – पण झाली होती खरी, फळवाल्याशी त्याने कारण नसताना दोन शब्द जास्त बोलून घेतले, संत्री घेतली, पिशवी या हातातून त्या हातात. मग चौकात एकदम उभा राहिला. मला वाटत होतं ती झोपली आहे तिकडे, वाऱ्यात. बाहेरच्या खोलीतून आतलं सगळं ऐकू येतं.

बायको मटार सोलत बसली होती. “काय म्हणाल्या?” तिने वर न बघता विचारलं, आणि तिचा अंगठा शेंगेतच थांबला.

त्याने सगळं सांगितलं. सात, चौदा, जावई, बटणं, पेला. स्वतःची फजिती रंगवून सांगायला घेतली होती, तिला हसवावं म्हणून. पण ती हसली नाही.

“म्हणजे तुम्ही कमी केलं होतं,” ती म्हणाली.

“हो. मीच. तुला शिट्टीचा त्रास नको म्हणून.”

“मला वाटलं, आता यंत्रालाही जमेना.” ती शेंगेकडेच बघत होती. “पहिल्या दोन रात्री तुमच्या शेजारी मोजत बसले. श्वास थांबला की मोजायचं. एकदा एकतीसपर्यंत गेलं. मग म्हटलं, हे जवळून नको बघायला. आणि तुम्हाला काय सांगणार होते? तुम्ही रोज सकाळी खुशीत, सात आहे, सात आहे...”

“अगं –”

“गप्प बसा,” ती म्हणाली, आणि मनगटाने डोळे पुसले. “अतिशहाणे.”

त्याला माफी मागायची होती, आणि लगेच विचारायचंही होतं, मग आता तू... पण एका दमात दोन्ही कसं बोलायचं ते जुळेना. तिनेच वाटी बाजूला सारली. “डोळे बघा कसे झालेत. जेवण व्हायला वेळ आहे, पडा जरा ते लावून. मी बसते.”

“कशाला?”

“बसते म्हटलं ना.”

नव्या आकड्यांचं कार्ड यंत्रात परत घालून तो आडवा झाला. मुखवटा बसवला, पट्टे ओढले, यंत्र सुरू झालं. तिने खुर्ची ओढून घेतली, चष्मा लावला आणि स्टूल फिरवून पडदा स्वतःकडे केला. आता त्याला काटा दिसत नव्हता. छत्तीस वर्षांत त्याने बदलीच्या माणसाच्या हाती बॉयलर दिला होता तो सही घेऊन, आणि घरी येऊनही एक कान तिकडे ठेवून. नजरेआड प्रेशर चढतंय आणि आपण आडवे, असं कधी झालंच नव्हतं. मान उचलून बघावंसं वाटलं. कुणीतरी आपल्याकडे असंच कान लावून बसलं होतं, अंधारात आकडे मोजत, आणि आपण खिडकीचे गज पुसत होतो... उद्या काय, आज रात्री काय, ते तिने सांगितलं नव्हतं. विचारता येत नव्हतं. तोंड उघडलं की हवा निसटायची.

“पाच,” ती म्हणाली. बऱ्याच वेळाने म्हणाली, “सहा.” हवा नाकातून सावकाश आत येत होती, कुणी दार न वाजवता यावं तशी, आणि त्याने तिला येऊ दिलं. “सात झाले हं,” ती म्हणाली. पुढे तिने आठ म्हटलं की नाही, ते त्याला कळलं नाही.