बिनपरवान्याची बोट

मी एक बोट बोलतेय. मासेमारीची. नाव ऑलिव्ह. पण मला शोधायला समुद्रात जाऊ नका. इंग्लंडमधल्या स्केल्बी बंदराच्या गाडीतळावर, चार लोखंडी टेकूंवर, मी गेली चोवीस वर्षं कोरडी उभी आहे. पुढच्या भागात, जिथे कधीकाळी मासे भरायचे, तिथे नगरपालिकेने माती घालून फुलझाडं लावली आहेत. सुट्टीवर आलेली माणसं माझ्या आडोशाला बसून चिप्स खातात आणि तेलकट कागद माझ्याच पोटात कोंबून जातात.

ओक आणि लार्च या लाकडांपासून माझी बांधणी झाली, १९६९ साली. लेन कॅपस्टिक तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. वडिलांच्या जुन्या बोटीवर राबून त्याने माझ्यासाठी पैसा जमवला होता, आणि बायकोचं नाव मला दिलं होतं. बायकोला ते मुळीच आवडलं नाही.

"तिला रंग लावतोस दरवर्षी," ती म्हणायची, "आणि आपलं स्वयंपाकघर बघ."

लेन तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, आणि बर्नी टॉफ्ट खलाशी. कधी तिसरा असे, कधी नसे. हे दोघं मात्र पंचवीस वर्षं माझ्यावर एकत्र होते. दोघांचं बोलणं फारसं नव्हतं. बर्नी चहा करायचा, लेन तो कडू आहे म्हणायचा आणि प्यायचा. जाळ्यात कॉड मासा यायचा, हॅडॉक यायचा, कधी सोल. परतताना मी इतकी खोल बुडलेली असे की धक्क्यावरची माणसं लांबूनच म्हणत, "आली बघ ऑलिव्ह, पोट सांभाळत."

आपला देश युरोपच्या बाजारसंघात शिरला, त्यानंतर दोन वर्षांनी लोकांना विचारलं गेलं, राहायचं का? ते १९७५ साल. लेनने 'राहायचं' म्हणून मत दिलं होतं. हे त्याने पुढे कोणालाच सांगितलं नाही, पण मला ठाऊक आहे, कारण त्या दिवशी माझ्या केबिनमध्ये बर्नीने विचारलं आणि तो म्हणाला, "बाजारच आहे तो. बाजाराशी कसलं भांडण?"

पुढे बाजाराला नियम आले. कोणी किती मासे धरायचे याचे वाटे ठरले. आमचा वाटा दरवर्षी घटत गेला. मासे घटले होते हे खरं. आम्ही सगळ्यांनीच समुद्र ओरबाडला होता, हेही खरं. पण एक गोष्ट मी पाहिली ती सांगते. जाळ्यात कॉड येई. कॉडचा वाटा संपलेला असे. मासा तर मेलेला. तो बंदरावर आणला तर गुन्हा. मग बर्नी फावडं घेऊन तो परत समुद्रात लोटायचा. हातभर लांबीचे, चांदीसारखे मासे. मागे पक्ष्यांचा थवा.

एकदा फावडं थांबवून तो म्हणाला, "लेन, हा नियम ज्याने केला त्याने आयुष्यात मासा पाहिलाय का रे?"

"ताटात पाहिला असेल."

"त्याला एकदा आणायला हवा इथं. हे फावडं देतो त्याच्या हातात."

कोणी आलं नाही. युरोपचं मोठं कार्यालय ब्रुसेल्सला, आपलं लंडनला. दोन्हीकडून फक्त कागद यायचे.

आता जे सांगते ते मी आजवर पोटात ठेवलं होतं. १९९८ च्या वसंतात एक सूटवाला माणूस माझ्या केबिनमध्ये बसला. समुद्रापलीकडच्या एका मोठ्या कंपनीसाठी तो मासेमारीचे परवाने विकत घेत हिंडत होता. माझा परवाना आणि त्याच्यासोबत माशांचा वाटा त्याला हवा होता. कंपनी तो आपल्या जहाजाला लावणार, त्या जहाजावर नावापुरतं ब्रिटिश निशाण चढवणार, आणि मासे पलीकडच्या बंदरात उतरवणार. सगळं कायद्यात बसणारं.

लेन अठ्ठावन्न वर्षांचा होता. गुडघे गेले होते. ऑलिव्हबाईंच्या छातीत पाणी होत होतं. त्या माणसाने आकडा सांगितला. लेनने खिडकीतून बाहेर पाहिलं. धक्क्यावर बर्नी जाळं शिवत बसला होता. लेनने सही केली. कोणी बंदूक धरली नव्हती.

संध्याकाळी त्याने बर्नीला सांगितलं, "परवाना गेला."

"गेला म्हणजे?"

"ब्रुसेल्सने काढून घेतला. छोट्या बोटी नकोत म्हणे त्यांना."

बर्नी समुद्रात थुंकला. मग म्हणाला, "हरामखोर." लेनने मान डोलावली.

एवढंच झालं. एक वाक्य. पण ते गावात गेलं, आणि गावाला ते इतकं पटलं की पुन्हा लेनच्या हाती राहिलं नाही. ज्याने त्याने त्यात आपलं काही मिसळलं. लेनवर दबाव होताच, वाटा छाटून छाटून त्याला कोपऱ्यात ढकललं होतंच. अर्धं खरं होतं, म्हणून तर ते इतकं टिकलं.

मला गाडीतळावर आणलं. बर्नी सुट्टीवाल्यांच्या तळावर संडास धुवायला लागला. समुद्रावरचा माणूस, हातात ब्रश. रोज सकाळी लेन माझ्या केबिनमध्ये येऊन बसायचा आणि बर्नी कामावर जाताना खालून विचारायचा, "काय तांडेल, हवा कशी आहे?" लेन सांगायचा. मी ऐकायची. मला त्या दोघांची चीड यायची आणि दयाही.

लेनची मुलगी ग्लेनिस बापापेक्षा धडाडीची. तिने धक्क्यावर खेकडे आणि शेवंडी, म्हणजे लॉबस्टर, यांचा धंदा उभारला. जिवंत शेवंडी ट्रकने थेट स्पेनला. आज सकाळी इथं पकडलेली परवा तिथल्या ताटात. सीमेवर कोणी ट्रक अडवत नसे. तिच्या शेडमध्ये खेकड्याचं मांस काढायला सहा बायका होत्या, त्यातली डनुटा सगळ्यात चपळ. पोलंडहून आलेली. दहा वर्षं स्केल्बीत राहून ती आमच्यासारखीच हवेला शिव्या देऊ लागली होती.

गाव मात्र बसत चाललं होतं. बाळंतपणाचा दवाखाना तीस मैलांवर गेला. बँक गेली. शनिवारची बस गेली. यातलं बहुतेक लंडनने केलं होतं. पण लंडनला मत देऊन काही होत नाही, हे लोकांनी पुन्हा पुन्हा करून पाहिलं होतं. अशात २०१६ साली पुन्हा प्रश्न आला: युरोपच्या संघात राहायचं की बाहेर पडायचं?

माझ्या कुशीवर मोठा फलक बांधला. 'आपला समुद्र परत घ्या'. मला कोणी विचारलं नाही. फलक बांधणारा बर्नी होता, आणि त्याचे हात जाळं बांधावं तशा गाठी मारत होते. कित्येक वर्षांनी त्याला कोणीतरी त्याच्या हातचं काम सांगितलं होतं.

टीव्हीवाले आले. लेनला माझ्यापुढे उभं केलं. त्याने कोट घातला होता.

"तुमच्या बोटीचं काय झालं, मिस्टर कॅपस्टिक?"

"ब्रुसेल्सने माझा परवाना हिरावून घेतला," लेन म्हणाला. अठरा वर्षांत ते वाक्य गुळगुळीत झालं होतं. शेजारी ग्लेनिस उभी होती. ती आपल्या बुटांकडे बघत होती.

सूट घातलेला एक तरुण 'राहा' म्हणणाऱ्यांचे कागद वाटत होता. तो बर्नीला म्हणाला, "काका, बाहेर पडलात तर गरीब व्हाल."

बर्नीने कागद उलटापालटा करून पाहिला. "कुठून आलास बाळा?"

"लंडनहून."

"मग नीट फिरून घे. आणि कोण उरलंय गरीब व्हायचं ते मला येऊन सांग."

तो तरुण हसला. हसायला नको होतं. तिथे उभ्या असलेल्या पाच-सहा जणांची मतं त्या हसण्यात गेली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आकडे त्याच्याकडे खरे होते. पण अनेक वर्षांत पहिल्यांदा स्केल्बीच्या 'नाही'ला किंमत आली होती, आणि ती किंमत त्याच्या कागदावर नव्हती.

मतदान समोरच्या प्रार्थनामंदिराच्या सभागृहात झालं. ग्लेनिस बाहेर आली तेव्हा लेन माझ्या टेकूला धरून उभा होता.

"दिलंस?"

"दिलं, बाबा."

"बाहेर पडायचं?"

"हो."

लेनने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो ठेवू दिला, पण चेहऱ्यावर आनंद नव्हता.

बाहेर पडायचंच ठरलं. दुसऱ्या दिवशी बर्नी बिअरचे डबे घेऊन माझ्यापाशी आला. डनुटा शेडकडे चालली होती. त्याने तिलाही एक पुढे केला.

"तुला नव्हे गं म्हणत आम्ही," तो म्हणाला. "तू आमचीच. बाकीच्यांबद्दल होतं ते."

"बाकीचे म्हणजे माझी बहीण, बर्नी. ती पलीकडच्या गल्लीत राहते. तुझ्या आईला आंघोळ घालते."

 डबा बर्नीच्या हातातच राहिला. तो वाईट माणूस नव्हता, हे मी शपथेवर सांगेन, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं. तीन वर्षांनी दोघी बहिणी निघून गेल्या. जाताना डनुटाने ग्लेनिसला मिठी मारली. बर्नी त्या दिवशी गाडीतळाकडे फिरकला नाही.

पुढल्या वसंतात बर्नी वारला. समुद्र परत मिळाला अशा समजुतीत गेला. परत कसा मिळणार? माझा वाटा अजून त्या पलीकडच्या कंपनीकडेच होता. विकलेली वस्तू मत देऊन परत येत नाही.

२०२१ च्या जानेवारीत संघाबाहेरच्या देशांचे नियम आम्हाला लागू झाले. आता शेवंडींच्या प्रत्येक पेटीला गुरांच्या डॉक्टरची सही हवी, दाखले हवेत, भाषांतरं हवीत. ग्लेनिसचा एक ट्रक पलीकडच्या बंदरावर अडकला. एका पानावरची तारीख चुकली होती. दोन दिवसांनी ट्रक तसाच परत आला. धक्क्यावर दारं उघडली तेव्हा जो वास सुटला तो माझ्यापर्यंत आला. मेलेला माल फावड्याने उपसत होती ती ग्लेनिसच. मदतीला कोणी नव्हतं.

असे आणखी दोन ट्रक. मे महिन्यात तिने शेडला कुलूप लावलं आणि थेट माझ्याकडे आली. लेन केबिनमध्ये बसला होता, एक्क्याऐंशी वर्षांचा, गुडघ्यांवर घोंगडी. ती त्याच्यासमोर बसली. 

"बंद केलं," ती म्हणाली.

लेनचे ओठ हलले. "ग्लेनिस, एक सांगायचंय. माझा परवाना कोणी हिरावला नव्हता. मी विकला. याच टेबलावर. बर्नी बाहेर बसला होता. त्याला सांगवेना, म्हणून..." तो थांबला. "तू माझ्यामुळे तसं मत दिलंस. तुझा धंदा मी बुडवला."

ग्लेनिस खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "मला ठाऊक आहे, बाबा. आई गेली तेव्हा तिच्या कपाटात कागद सापडला. बारा वर्षं झाली."

लेनने गुडघ्यांवरची घोंगडी बाजूला केली.

"ठाऊक होतं? मग मत कसं दिलंस?"

"गावासाठी दिलं म्हणते मी लोकांना. दवाखान्यासाठी, बससाठी, त्या हसणाऱ्या पोराच्या रागाने. तेही खरंच आहे. पण तिथे पेन्सिल हातात घेतली आणि वाटलं, 'राहायचं' म्हणून खूण केली तर ब्रुसेल्सचा दोष नव्हता असं म्हटल्यासारखं होईल. मग दोष कोणाचा उरतो? तुमचाच. मला ते माझ्या हाताने लिहायचं नव्हतं."

मला वाटलं, आता म्हातारा रडेल. तो रडला नाही. त्याचा चेहरा दगडासारखा झाला.

"तेवीस वर्षं खोटं बोललो मी. त्यातली बारा तू ऐकून घेतलीस. त्या कॅमेऱ्यापुढे शेजारी उभी राहिलीस. एक शब्द बोलली असतीस तर मी बर्नीला सांगून टाकलं असतं."

"सांगितलं असतंत?"

 काठी टेकत लेन शिडी उतरला. तिने हात पुढे केला, तो त्याने धरला नाही. त्या दिवसानंतर लेन माझ्याकडे आलेला नाही. वृद्धाश्रमात आहे म्हणतात. ग्लेनिस दर रविवारी जाते. तो तिच्याशी हवेबद्दल बोलतो.

माझा तळ आता कुजलाय. टेकू गंजलेत. मी मुलांच्या अंगावर कोसळेन अशी नगरपालिकेला भीती वाटते, आणि ती रास्त आहे. सोमवारी मला कापायला माणसं येणार आहेत. एका बाईने परवा नवऱ्याला विचारलं, "ही ती टीव्हीवरची बोट ना?" तो म्हणाला, "हो. मूर्ख लोकांचं गाव." त्याने उतरून माझा फोटो काढला आणि गाडीत बसला. त्याआधी एक जण आला होता, तो छाती फुगवून म्हणाला, "शूर लोकांचं गाव."

जाता जाता माझं एवढंच मागणं आहे. माझ्या माणसांना यातलं काहीच म्हणू नका. त्यांनी असं का केलं हे जाणून घ्यायचं असेल तर गाडीतून उतरा, त्यांच्याजवळ बसा, विचारा. पहिलं उत्तर घेऊन लगेच निघू नका. पहिलं उत्तर लेनने कॅमेऱ्याला दिलं होतं. दुसरं यायला पाच वर्षं लागली, आणि ते ऐकायला फक्त मी होते.