दोन मिनिटं आधीचा सूर्य

"हिचा सूर्य टोरोंटोच्या सूर्याआधी दोन मिनिटं उगवतो," चंद्रकांतकाका म्हणाले. "मोतीबिंदू आहे तो, दुसरं काय!"

काका निवृत्त सिव्हिल इंजिनिअर. टोरोंटोच्या एटोबिको भागात, समुद्रासारख्या पसरलेल्या तळ्याकाठच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, चाळिसाव्या मजल्यावर मी भाड्याने राहते. हिवाळ्यात सूर्य तळ्यावर उगवतो, तेव्हा मंदाकिनीकाकू रोज बाल्कनीत सूर्याला अर्घ्य देतात आणि बिंबाची कोर दिसली की घड्याळ बघून वेळ वहीत लिहितात. असे अकरा हिवाळे. प्रत्येक नोंद फोनमधल्या सूर्योदयाच्या वेळेच्या दीड-दोन मिनिटं आधीची.

काकूंनी वही मिटली. "म्हणजे अकरा वर्षं मी सूर्य नसतानाच पाणी सोडलं? उद्या रथसप्तमी. उद्यापासून बंद."

मी भौतिकशास्त्रात नुकतीच एम.एस्सी. झाले आहे. वही चाळली. ढग असले की 'दिसला नाही'. अंदाजाने लिहिलेली एकही वेळ नाही.

"फोनमधली वेळ का नाही लिहिली, काकू?"

"देवाच्या वेळेत थापा मारू?"

मला चारशे वर्षांपूर्वीचा एक जर्मन खगोलशास्त्रज्ञ आठवला. मंगळाच्या गणितात आठ कलांचा फरक उरला, चंद्राच्या रुंदीच्या जेमतेम पाव. दुसऱ्या कोणी तो सोडून दिला असता. पण इतकी अचूक निरीक्षणं हे देवाचं देणं, ते नाकारायचं नाही, म्हणून त्याने स्वतःचं गणितच मोडलं. त्यातून ग्रहांच्या लंबवर्तुळाकार कक्षा सापडल्या.

"काकू, उद्या अर्घ्य द्यायचं. काका, तुम्ही माझ्याबरोबर खाली."

सकाळी उणे चौदा अंश. काका आणि मी पाण्याच्या कडेला, काकू वर बाल्कनीत, फोन स्पीकरवर.

"दिसला!"

मी स्टॉपवॉच चालू केलं. आमच्यासमोर नुसतं तांबूस आकाश.

"बघ. भास," काका म्हणाले.

एक मिनिट झालं. काकांचं नाक गळायला लागलं. एक मिनिट चाळीस सेकंदांवर पाण्यातून झगझगीत कोर वर आली.

 काका हातमोजा काढून बोटाने बर्फावर आकडे लिहू लागले. "उंची सव्वाशे मीटर... वरून क्षितिज खाली जातं... म्हणजे सूर्य तेवढा आधी... फोनमधली वेळ जमिनीवरची..." ते थांबले. "अरे गाढवा! जन्मभर टॉवर बांधलेस!"

"अहो," फोनमधून काकूंचा आवाज आला, "माझं अर्घ्य झालंसुद्धा. तुमचा उठला का?"

"उठला गं," काका म्हणाले. "वहीत लिही. वेळ तुझीच."