उंबरझिरा आटल्याची बातमी

सत्तार टेलरला मापाशिवाय चैन पडत नसे, आणि त्या सवयीनंच घात केला.

धडगावच्या पेठेत त्याचं आठ बाय सहाचं दुकान. आठवडाभर मशीनवर मान मोडायची आणि शुक्रवारची नमाज झाली की डोंगर चढायचा, एवढीच त्याची मोकळीक. डोंगरात जे दिसे ते तो लिहून काढी, दर महिन्याला दोन पानांच्या झेरॉक्स काढी आणि एसटीच्या कंडक्टरच्या हाती शहाद्यापर्यंत पोचवी. तालुक्यावरून नाव ‘अक्राणीचं पान’. जाहिरात नाही, पुढाऱ्याचा फोटो नाही. नावाखाली एकच ओळ असे: ‘डोळ्यांनी पाहिलेलंच लिहितो.’ त्या ओळीचा त्याला केवढा अभिमान! घरातला गॅस संपलेला त्याला दिसत नसे, असं त्याची बायको हलीमा म्हणे, ते सोडा.

मार्चच्या पानात त्यानं उंबरझिऱ्यावर लिहिलं. खडकातून येणारी करंगळीएवढी धार, भर वैशाखातही न आटणारी. इथंच थांबायचं, तर या गड्यानं कपडा बेतावा तसा रस्ताही बेतून दिला: घाटाचं तिसरं वळण, डावीकडे सहाशे पावलं, मग उंबर. कुणीतरी त्या पानाचा फोटो काढून मोबाइलवर फिरवला.

बाजाराच्या दिवशी धुडकूबाबा दुकानात आला. झिऱ्यावरच्या पाड्यातला हा म्हातारा. सत्तारला झिरा दाखवला तो त्यानंच. तो बाकावर बसला, पण नेहमीसारखी तंबाखू काढली नाही.

“रोज गाड्या येतस, मास्तर. पोरं झिरामा उतरतस, साबण लावतस, बाटल्या फोडतस. आमन्या बाया हंडा लिसन दुपारलोंग बसी ऱ्हातस.”

सत्तारचे हात मशीनवरच थांबले. “मी काय करू, बाबा?”

“लिखी दे, झिरा आटी गया.”

“पण तो आटेल नही शे.”

“म्हनीसनच सांगी ऱ्हायनू.”

पानाच्या चौदा वर्षांत सत्तारनं एकही ओळ खोटी लिहिली नव्हती. तीन दिवस त्याला अन्न गोड लागेना. चौथ्या दिवशी हलीमा ताट सारत म्हणाली, “तुम्हारे सच से उनके हंडे खाली रह गए. अब झूठ लिख दो.” तो तिच्यावर चिडला, कारण तिचं खरं होतं. मेच्या पानात त्यानं लिहिलं: ‘उंबरझिरा आटला. खडक कोरडा आहे.’ खाली नेहमीची ओळ होतीच. ती खोडायला त्याची हिंमत झाली नाही.

लोकांनी डोळे झाकून विश्वास ठेवला. सत्तार मास्तरनं लिहिलंय म्हणजे झालं. गाड्या बंद झाल्या. दुकानात येणारा प्रत्येक जण हळहळे आणि सत्तार मान हलवे. आपल्याच शब्दाची त्याला शिसारी येऊ लागली. निदान शुक्रवारी झिऱ्याशी जाऊन बसू, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

तेवढ्यात बाजाराला आलेल्या धुडकूबाबानं तेही काढून घेतलं. “आते तू बी येऊ नको, मास्तर. तुले वर चढतांना देखं, ते लोकेस्ले समजी जाई, पानी शे.” म्हातारा हे रागानं बोलला नाही, म्हणून जास्तच लागलं. जाताना त्यानं पिशवीतून झिऱ्याच्या पाण्यानं भरलेली बाटली काढून मशीनशेजारी ठेवली.

त्या शुक्रवारी नमाजेनंतर सत्तार सरळ दुकानात येऊन बसला. समोर सगळा डोंगर उघडा पडला होता आणि त्याला जायला एकही वाट उरली नव्हती. तो बाटलीतलं पाणी घोट घोट पीत होता, तोच धर्मेंद्र गुरुजी पँट न्यायला आले. पहिल्या अंकापासूनचे वाचक. उन्हातून आलेले, म्हणून त्यांनी हक्कानं बाटली उचलली आणि दोन घोट घेतले.

“काय गोड पाणी आहे हो मास्तर. कुठलं?”

सत्तारनं पँटची घडी घातली, पुन्हा मोडली, पुन्हा घातली.

“नळाचं,” तो म्हणाला.