आक्का, अंदमान आणि पाठीवरचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. पण माझ्यात लाडू शोधू नका आणि चिवडाही शोधू नका. मी रिकामा आहे, आणि रिकामं राहण्यातच माझी अब्रू आहे. मी पोहायला शिकवणारा डबा आहे!

जन्मलो तेव्हा माझ्यात गोडेतेल होतं. शाहूपुरीतल्या एका दुकानातून माझ्या मालकांनी, बाळासोंनी, मला कसबा बावड्याच्या घरी आणलं. तेल संपल्यावर त्यांनी माझं तोंड झाळून घट्ट बंद करून घेतलं, दोरी ओवायला दोन कड्या बसवल्या आणि मला थेट मळ्यातल्या विहिरीवर नेलं. पाठीवर डबा बांधायचा आणि पाण्यात उतरवायचं, ही आमच्याकडची पोहण्याची शाळा. पोरगं आधी बोंबलतं, मग हातपाय मारतं, आणि एक दिवस डब्याशिवाय तरंगतं. त्या दिवशी बाळासो विहिरीवर सगळ्यांना साखर वाटायचे आणि माझ्या अंगावर थाप मारून म्हणायचे, “मास्तर हाय ह्यो, मास्तर!” त्यांची मुलगी क्रांती माझ्याच जिवावर शिकली, मुलगा उदयसिंह शिकला, भावकीतली निम्मी पोरं शिकली.

शिकली नाही ती एकटी आक्का. आक्का म्हणजे बाळासोंची बायको. पोरंही तिला आक्काच म्हणतात. ती काठावर बसून सगळ्यांची कापडं, चपला, घड्याळं सांभाळायची. तिला कुणी ‘उतर’ म्हणालं नाही आणि तीही कधी काही बोलली नाही. पण एखादं पोर तरंगलं की पहिली टाळी काठावरूनच पडायची.

पुढे पोरं मोठी झाली. नवी पोरं दंडाला रंगीत फुगे लावून तलावात जाऊ लागली आणि मी गोठ्यात जाऊन पडलो. कोंबडीनं माझ्या आडोशाला अंडी घातली. कुणी माझ्यावर पेंडीचं पोतं टेकवलं. खरं सांगतो, फार वाईट वाटायचं. पाण्याचा वास आला तरी माझा जीव वरखाली व्हायचा.

आणि मग गेल्या दिवाळीत क्रांतीनं बॉम्ब फोडला. “यंदा आपण सगळी अंदमानला जायाचं. विमानानं!”

गोठा सोप्याला, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीला, लागूनच आहे, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. मग काय, रोज संध्याकाळी बेतच बेत! उदयसिंहाला मे महिना हवा होता. क्रांती म्हणाली, मे सरता सरता तिकडं पाऊस येतो, समुद्र खवळला की बोटी बंद. फेब्रुवारीत पाणी कसं निवांत असतं, तळ दिसतो. बाळासोंनी हात झटकले.

“फेब्रुवारीत उसाची तोड आली म्हंजे? आणि म्हशींच्या धारा कोण काढणार, समुद्रातलं मासं?”

पण योग असा की यंदा तोड लवकर आली आणि ऊस कारखान्यावर गेलासुद्धा. शेजारच्या धोंडुबाईनं धारा अंगावर घेतल्या. तिकिटं निघाली! उदयसिंहाला सगळीच बेटं बघायची होती. क्रांतीनं त्याला गप्प केलं, “दोनच बेटं बघायची, पण पोटभर.” बाळासो आतून इतके खूश होते की बॅगेत सगळ्यात आधी त्यांनी कांदा-लसूण चटणीची बरणी भरली.

एका संध्याकाळी क्रांतीनं मोबाइलवर उथळ निळं पाणी दाखवलं. त्यात प्रवाळ, आणि त्यावर पिवळ्याधमक माशांचे थवेच्या थवे. आक्का बघतच राहिली. क्रांती सहज बोलून गेली, “आक्का, तुला भ्या वाटलं तर तू काठावर बस. आमच्या पिशव्या बघ.”

आक्कानं मोबाइलवरून नजर उचलली.

“न्हाय,” आक्का म्हणाली. “लई वर्सं कापडं सांभाळली. काठावरच बसायचं आसंल तर मी येतच न्हाय. तुम्ही जावा.”

“आता ह्या वयात पाण्यात उतरणार व्हय?” बाळासो हसले.

“व्हय, ह्याच वयात! डबा कुठं हाय?”

मित्रांनो, अंगावरच्या पोत्यासकट मी शहारलो!

उदयसिंहानं मला बाहेर काढलं. गंज खरवडायचा त्याला कंटाळा, म्हणून त्यानं वरूनच नारिंगी रंग फासला. पूर्वी बाळासो बांधण्याआधी मला पाण्यात दाबून बुडबुडे येतात का बघायचे. या वेळी सहलीच्या गडबडीत तेही विसरले. मीही नव्या रंगात नवरदेवासारखा मिरवत होतो.

थंडीत पहाटे विहिरीचं पाणी कोमट असतं. क्रांतीचा जुना पंजाबी ड्रेस घालून आक्का उतरली. शेजारी पाण्यात बाळासो होतेच. सुरुवातीला तिनं त्यांच्या गळ्याला अशी मिठी मारली की तेच बुडायला आले. पण ती रोज येत राहिली आणि हळूहळू तिचे हातपाय लयीत पडू लागले.

काल शेवटची पहाट. आक्का म्हणाली, “पायऱ्यांपासनं समोरच्या भिंतीला हात लावून परत येणार. मधी कुणी हात लावायचा न्हाय.” ती निघाली. अर्ध्यात गेलो आणि माझ्या पोटात गार काहीतरी शिरलं. रंगाखालची शिवण उघडली होती! मी भरत चाललो. ओरडावं कसं? मला तोंडच नव्हतं. वाटलं, संपलं सगळं. अंदमान राहिलं, आक्काही जाते माझ्यापायी. पण आक्का फुसफुसत पुढेच चालली होती. भिंतीला हात लागला. ती वळली. आणि आली की हो पायऱ्यांवर! क्रांती आणि उदयसिंहानं नुसता कालवा केला.

बाळासोंनी दोरी सोडली आणि मी त्यांच्या हातून दाणकन पायरीवर आदळलो. त्यांनी मला हलवलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“अगं, ह्यो भरलाय की! काठोकाठ!”

“मग?”

“मग तू तरंगलीस कशावर?”

आक्कानं माझ्याकडे बघितलं, मग पाण्याकडे. आधी हसली आणि मग ओल्या पदरात... चुकलो, ओल्या ओढणीत तोंड लपवून रडली. मास्तर झाल्यापासून पहिल्यांदा मी भरलो, आणि तरी माझी अब्रू गेली नाही. बाळासो ओल्या कपड्यांनीच घरी पळाले, साखरेचा डबा घेऊन आले आणि पहिली चिमूट त्यांनी आक्काच्या तोंडात घातली. मग काठावरचा तिचा टॉवेल आणि चपला उचलून म्हणाले, “समुद्रावर कापडं मी सांभाळतो.”

उद्या पहाटे मंडळी निघणार. आक्कानं मला सोप्यात खिळ्याला टांगलंय. “आल्यावर झाळून घेतो तुला,” ती म्हणाली, “आपल्या नातीला, मोनाला शिकवायचं हाय.”

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूला नुसता रंग फासून भागत नाही. कुणाच्या पाठीवर बांधण्याआधी तिला पाण्यात दाबून बघा. आणि तुमच्याही घरी कुणी वर्षानुवर्षं काठावर तुमची कापडं सांभाळत बसलं असेल, तर सहलीला निघण्याआधी त्याला एकदा विचारा, “उतरायचं हाय का?”