फाटकाचं माप

करुणाने टेपची डबी फाटकाच्या डाव्या खांबाला लावली आणि पट्टीचं टोक सुरेशरावांच्या हातात दिलं.

"उजवा खांब सोडून पुढं न्या, काका. तो पाडायचाच आहे."

सुरेशराव पट्टी ओढत भिंतीशी गेले. गेल्या आठवड्यापर्यंत हे घर त्यांचं होतं. मुलाच्या इंदूरच्या फ्लॅटसाठी ते विकावं लागलं; पण म्हातारा-म्हातारीचा पाय काही पांढुर्ण्यातून निघेना. घर घेणारी करुणाच म्हणाली, भाड्यानं राहा. तेव्हा त्यांनी तिला हात जोडले होते.

तिच्या चुलतभावाने, स्वप्निलने, परोपरीने सांगून पाहिलं होतं. "पहिलंच घर घेऊन राहिली त सौसरले नव्या कॉलनीत घे न, ताई. भाडंबी येते, भावबी वाढते. या जुन्या घरात काय ठेवलं?"

तिने हेच घर घेतलं.

"आम्ही समोरच्याच खोल्यांत राहतो न?" सुरेशरावांनी विचारलं.

"समोर बँकेतले साहेब येऊन राहिले. तुम्ही मागच्या दोन घ्या."

"मागं त लय ओल येते, बाई."

"माहीत आहे मले."

तिचं बालपण त्याच भाड्याच्या खोल्यांत, त्या ओलीतच गेलं होतं. दर पावसाळ्यात तिचे बाबा, भाऊराव, सांगायला जायचे आणि सुरेशराव पायरीवरूनच उत्तर द्यायचे. ते उत्तर तिने इतकी वर्षं जपून ठेवलं होतं.

"चुना मारून घ्या," ती म्हणाली.

"हाव, तेच करा लागन," सुरेशराव हसले. त्यांना काहीच आठवलं नव्हतं. "पण फाटक कायले एवढं मोठं करून राहिली? कार घेतली काय?"

करुणाने डबी घट्ट धरली. मागच्या हिवाळ्यात बाबांना नागपूरच्या दवाखान्यातून घरी घेऊन शववाहिका आली, तेव्हा सुरेशराव याच फाटकात आडवे उभे होते. फाटक अरुंद आहे, तिरडी वळणार नाही, बाहेरच उरकून घ्या. त्याच दिवाळीत त्यांचं लोखंडी कपाट याच फाटकातून उभंच्या उभं आत गेलं होतं. सावरगावहून आलेल्या नातलगांनी नालीच्या कडेला उभं राहून त्रिशरण म्हटलं. मागून मोटारसायकली हॉर्न वाजवत होत्या.

"कार नाही," ती म्हणाली. "इथून तिरडी वळत नाही म्हणे न, काका. तुमच्या वेळी अडचण नको."

पट्टी सुरेशरावांच्या हातून सुटली आणि सर्रकन येऊन डबीवर आपटली. ते भिंतीला टेकले. हा क्षण करुणाने मनात कितीदा पाहिला होता. तिने तो पुरता पाहून घेतला.

नळाशी भांडी घासणाऱ्या अलकाकाकू उठल्या. पदराला हात पुसत आल्या, पट्टीचं टोक त्यांनी स्वतःच ओढून घेतलं आणि नवऱ्याकडे न बघता भिंतीशी गेल्या. ते उभे होते त्याच्याही पुढं, चांगलं हातभर.

"इथलोक घे, पोरी," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी लोकं रस्त्यावर मावत नव्हते."

करुणा पट्टीवर वाकली. आकडे काही केल्या दिसेनात.