हिंमतरावांचा आवाज आणि मी

मित्रांनो, मला उघडायचे असेल तर दोन्ही हातांनी सावकाश उघडा. माझी डावी बिजागरी सैल झाली आहे आणि घाई केली की ती कुरकुरते. मी एक जुना लॅपटॉप आहे. संग्रामपूरच्या एका घरात, लोखंडी कपाटातल्या गोधड्यांवर सध्या माझा मुक्काम असतो. खिडकीतून सातपुडा दिसतो म्हणे. कपाटातून मला तो कधी दिसला नाही.

माझा जन्म फार दूरच्या कारखान्यात झाला. उमेदीची वर्षे पुण्याच्या एका कचेरीत गेली. तिथे मला रोज मऊ फडक्याने पुसत. मग नवे, पातळ, चकचकीत भाऊबंद आले आणि आम्हा जुन्यांना खोक्यात भरून विकून टाकले. फिरत फिरत मी बुलढाण्याच्या एका दुकानात येऊन पडलो. तोवर माझी बॅटरी मेली होती. वायर भिंतीला लावली तरच मी जागा व्हायचो.

त्या दुकानात एके दिवशी दोन मुली आल्या. दोघीही कॉम्प्युटर सायन्समध्ये एम.एस्सी. करत होत्या आणि एकाच खोलीत राहत होत्या. संग्रामपूरची धम्मशीला कमी बोलायची. देऊळगाव राजाची मुबीना दोघींच्या वाटचे बोलायची. दोघींनी मिळून मला घेतले. सकाळी मी मुबीनाचा, दुपारनंतर धम्मशीलाचा, असे ठरले. पण प्रत्यक्षात दोघीही डोक्याला डोके लावून माझ्यासमोर बसायच्या. धम्मशीला म्हणायची, "मले हे समजून नाही राह्यलं." मुबीना म्हणायची, "मला तरी कुठं समजायलंय? चल, पुन्हा वाचू." बुलढाण्याच्या थंडीत माझ्या गरम पाठीवर त्या आळीपाळीने हात शेकायच्या. मित्रांनो, पुण्यात माझी निगा उत्तम होती, पण असा हात माझ्यावर कुणी ठेवला नव्हता.

धम्मशीलाचे वडील हिंमतराव बाजार समितीत हर्रास बोलायचे. धान्याच्या ढिगाशी उभे राहून भाव पुकारायचा, व्यापाऱ्यांना चढवत न्यायचे, हे त्यांचे काम. त्यांचा आवाज आवाराच्या फाटकाबाहेर ऐकू जायचा, असे सगळे सांगत. मी तो आवाज कधी ऐकला नाही. मी त्या घरात जाण्यापूर्वीच त्यांना लकवा झाला होता. हातपाय हळूहळू चालू लागले, पण जीभ जड झाली ती झालीच. डॉक्टरांनी तोंडाचे व्यायाम सांगितले होते. त्यांनी ते थोडे दिवस केले आणि सोडून दिले.

दिवाळीच्या सुटीत धम्मशीला मला घेऊन घरी आली. ती दारात पाऊल ठेवते तोच हिंमतराव काहीतरी बोलले. कुणालाच कळले नाही. त्यांनी पुन्हा म्हटले. धम्मशीलाची आई सिंधूताई धावत पाणी घेऊन आल्या. हिंमतरावांनी नकारार्थी मान हलवली. सिंधूताईंनी पंखा बंद केला, मग पांघरूण आणले. हिंमतराव भिंतीकडे तोंड करून झोपले. दुसऱ्या दिवशी ताट वाढल्यावर ते पुन्हा तेच बोलले, तेव्हा धम्मशीलाला उमगले. बाप इतकेच विचारत होता, "जेवली का?"

ती जेवता जेवता उठली आणि मागच्या दारी जाऊन उभी राहिली.

सुटी संपल्यावर तिने प्रकल्पाचा विषय बदलला. हिंमतराव बोलतील ते शब्द ओळखून माझ्या पडद्यावर लिहून दाखवील, असा प्रोग्राम तिला करायचा होता. तिच्या मार्गदर्शक अनुपमा मॅडम काळजीत पडल्या.

"एका माणसाच्या आवाजावर सगळा प्रकल्प? परीक्षक विचारतील, याचा उपयोग किती जणांना?"

"एकाले झाला तरी चालते, मॅडम," धम्मशीला म्हणाली, आणि आपण मॅडमशी घरच्या भाषेत बोललो हे लक्षात येऊन लाजली.

मॅडमनी होकार दिला. नकार दिला तो हिंमतरावांनी. मला समोर ठेवून माइक लावला की ते तोंडावर गमछा ओढून घ्यायचे.

"लाज वाटते त्याइले," सिंधूताई मुलीला म्हणाल्या. "ज्यानं अख्खा बाजार गाजोला, त्यानं आता बोबडं बोलाव काय? नको त्रास देऊ."

धम्मशीला रिकाम्या हाताने परतली. पुढच्या खेपेला मुबीना तिच्यासोबत आली. तिने हिंमतरावांना बोला असे म्हटलेच नाही. माइक स्वतःपुढे घेतला आणि शब्दांचा कागद वाचू लागली. आपल्या देऊळगावच्या वळणाने ती वऱ्हाडी शब्द असे काही म्हणायची की सिंधूताई पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

"काका, 'का'साठी तुमचा शब्द असाच म्हणतात ना? कावून?"

गमछा खाली आला. हिंमतरावांनी नाही अशी मान हलवली.

"मग कसा? कवून?"

"का... ऊ... न," हिंमतराव म्हणाले. घशातून, ओढून, घामाघूम होऊन म्हणाले. माझ्यात तो शब्द उतरला. हिंमतरावांचा तो माझ्याकडचा पहिला शब्द.

त्या दिवसापासून ते मुबीनाचे मास्तर झाले. मुली बुलढाण्याला गेल्या की फोनवरून शिकवणी चालायची आणि ती सगळी माझ्यात साठायची. पाणी, उजेड, दुखते, बाहेर ने. एकेक शब्द कितीदा तरी. मागे कुकरची शिट्टी व्हायची, शेळी ओरडायची, सिंधूताई कुणाला तरी "हळू बोला, रेकाडिंग चालू हाय" म्हणून दटावायच्या. प्रोग्राम चालू झाला की माझा पंखा घरघरत राही. मी म्हातारा, मला ते काम झेपणारे नव्हते. पण मी एकेक शब्द शिकलो. हिंमतराव "पाणी" म्हणाले आणि माझ्या पडद्यावर पाणी उमटले, तेव्हा धम्मशीलाने मला मिठीच मारली. उन्हाळ्याच्या तोंडाशी मी त्यांचे बहुतेक शब्द ओळखू लागलो होतो.

आणि मग मी चुकू लागलो.

आधी एखादा शब्द चुकला. नंतर चुका वाढतच गेल्या. उजेड म्हटले की मी दुखते लिहायचो. पाण्यासारखा शब्दही मला ओळखता येईना. प्रकल्प सादर करायची तारीख तोंडावर आली होती. धम्मशीलाने सगळा प्रोग्राम ओळ न ओळ तपासला. माइक बदलला. माझ्यावरही तिचा संशय गेला आणि तिने कॉलेजच्या नव्या संगणकावर तो चालवून पाहिला. तिथेही तेच. शेवटी ती वायर काढून हताश बसली.

"जुनीच रेकॉर्डिंगं दाखोतो आता," ती मुबीनाला म्हणाली. "त्याच्यात सारं बराबर येते. नवीन दाखोलीच नाही तं कोणाले काय समजते?"

मुबीनाने वायर पुन्हा लावली, कानाला हेडफोन लावला आणि पहिल्या दिवसाचे रेकॉर्डिंग ऐकले. मग कालचे ऐकले. पुन्हा पहिले ऐकले. तिने हेडफोन काढून धम्मशीलाच्या कानाला लावला.

"तुझा प्रोग्राम नाही बिघडला गं," ती म्हणाली. "तुझे बाबा सुधरायलेत."

मित्रांनो, खरे तेच होते. मी शिकलो होतो ते जड जिभेचे शब्द. मुबीनाला शिकवता शिकवता हिंमतरावांचा टाकून दिलेला व्यायाम आपोआप चालू झाला होता. त्यांची जीभ सुटत गेली आणि मी मात्र जुन्याच बोलण्याची वाट पाहत बसलो. बोलणे रोज थोडे थोडेच बदलले म्हणून घरात कुणाच्या ध्यानात आले नाही. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली. चुकल्याचा आनंद मात्र मला त्या एकाच दिवशी झाला. धम्मशीला किती तरी वेळ हेडफोन काढायला तयार नव्हती.

तोंडी परीक्षेला तिने काही लपवले नाही. बाहेरून आलेले परीक्षक आकडे पाहून म्हणाले, "म्हणजे तुमचा प्रोग्राम दिवसेंदिवस वाईट होत गेला?"

"हो सर."

"मग यशस्वी कसे म्हणायचे?"

धम्मशीलाने मला त्यांच्याकडे वळवले आणि दोन्ही आवाज ऐकवले, आधी पहिला, मग शेवटचा. परीक्षकांनी शेवटचा आवाज पुन्हा लावायला सांगितला.

"आता या प्रोग्रामचे काय करणार?" त्यांनी विचारले.

"पुन्हा शिकवीन, सर. बाबा बदलतील तसं त्यालाही बदलावं लागेल."

दोघीही पास झाल्या. मुबीना जालन्याला शिकवायला गेली. धम्मशीलाला अकोल्यात नोकरी लागली. हर्राशीच्या जागेवर तोवर दुसरा माणूस आला होता, आणि हिंमतरावांचा आवाज काही पूर्वीसारखा फाटकाबाहेर जाणारा झाला नाही. पण ते चालत चालत आवारात जाऊन बसतात, ओळखीच्यांशी बोलतात, सावकाश का होईना भांडतातही.

माझे काम तिथेच संपले. धम्मशीलाने नवा लॅपटॉप घेतला. सगळे आवाज त्याच्यात उतरवून घेतले आणि मला भंगारात द्यायला पिशवीत भरले. भंगारवाला दारात उभा होता. हिंमतराव खाटेवरून म्हणाले, "थांब. देऊ... नको त्याले."

"काऊन बाबा? आता काय कामाचा तो?"

"मी कोणाले समजत नोतो... तवा त्यानं आयकलं."

"बाबा, ते तं मशीन हाय. त्याले काय समजते?"

हिंमतराव थोडे थांबले. शब्द जुळवायला त्यांना अजून वेळ लागतो.

"मशीन तं मशीन," ते म्हणाले. "माहं बोलनं तोडून... मंधात बोललं तं नाही."

सिंधूताईंनी भंगारवाल्याच्या हातातून पिशवी परत घेतली आणि मला कपाटात नेऊन ठेवले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूवर कधी धूळ दिसली तर पुसा. नाही पुसली तरी आम्ही रागावत नाही. पण तुमच्या घरात, शेजारी, वर्गात कुणी अडखळत बोलत असेल तर त्याचे वाक्य तुम्ही पुरे करू नका. त्याच्याजवळ बसा आणि ते त्यालाच पुरे करू द्या.